फोटोवाला नवरा

"थांबा तिथंच. फाटक उघडू नका," बाबा म्हणाले.

फाटकापलीकडं माझी होणारी नणंद शैला उभी होती. हातात पितळी वाटी, वाटीवर विड्याचं पान आणि पानाखाली उष्टी हळद. नवऱ्या मुलाला लावून उरलेली ती हळद घेऊन ती भर एप्रिलच्या उन्हात जीपमधून विट्याहून तासगावला आली होती. तिच्यामागं तिची काकू आणि दोन करवल्या निऱ्या सारख्या करत उतरत होत्या. मी अंगणात पाटावर बसले होते. अंगावर जुनी पिवळी साडी आणि हातात कालच भरलेला हिरवा चुडा. शेजारणींनी धरलेलं हळदीचं गाणं मधेच थांबलं.

आमचे बाबा नगरपालिकेच्या पाणीपुरवठ्यात नोकरीला होते. साऱ्या गावाला पाणी सोडणारा माणूस. दारात आलेल्याला त्यांनी कधी अडवल्याचं मला आठवत नाही. आज मात्र फोन ठेवून ते अनवाणीच धावले होते आणि फाटकाची कडी दाबून धरून उभे होते.

"काका, काय झालं?" शैलानं विचारलं.

"सांगतो बाळ. आधी ती वाटी गाडीत ठेव. तुम्हीही सगळ्या गाडीतच बसा. पाणी मी बाहेर आणून देतो."

"नवरीच्या दारात हळद अडवत्यात व्हय?" काकू म्हणाल्या. "असलं कुठं ऐकलं न्हाई बाई."

एवढ्यात माझा धाकटा भाऊ हर्षू नवा झब्बा घालून ओसरीवरून खाली उतरला. पाहुणे आले की पहिला फाटकाशी जाणारा तो. बाबा वळून त्याच्यावर ओरडले, "हर्षू, मागं फिर. आत जा आणि दार लाव."

तो दचकून जागीच थांबला. आजारी पडल्यापासून त्याच्यावर घरात कुणी आवाज चढवला नव्हता. बाबांचा चेहरा बघून मी पाटावरून उठले आणि त्याला हाताला धरून आत नेलं. नवरीनं पाटावरून असं मधेच उठायचं नसतं, हे मागून कुणीतरी म्हणालंही.

हर्षू माझ्यानंतर बऱ्याच वर्षांनी झालेला. तेव्हा तो दहा वर्षांचा होता. आदल्या वर्षी त्याला रक्ताचा कॅन्सर निघाला आणि मिरजेला उपचार सुरू झाले. आजार आटोक्यात आला, डोक्यावर पुन्हा मऊ केस उगवले, पण औषधं अजून बराच काळ चालायची होती. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी आम्हाला सुरुवातीलाच समोर बसवून सांगितलं होतं, "या औषधांनी याची प्रतिकारशक्ती पार खाली जाते. बाकीचं आपण निभावू, पण कांजिण्यांना मी घाबरते. दुसऱ्या मुलांच्या अंगावर फोड येतात आणि जातात. याच्या फुफ्फुसात उतरल्या तर जिवावर बेतेल."

आईनं विचारलं, "मग त्याची लस असते न्हवं? ती देऊन टाका की."

"ती लस जिवंत विषाणूचीच असते, फक्त अशक्त केलेल्या. याला तीही झेपणार नाही. लस तुम्ही घ्यायची, उपयोग त्याला व्हायचा."

मग ज्यांना कांजिण्या होऊन गेल्या नव्हत्या त्या सगळ्यांनी दंड पुढं केले. बाबांनी घेतली, मी घेतली. शेजारच्या गल्लीतले आमचे थोरले चुलते आण्णा मिशीवर ताव देत आत गेले आणि सुई दिसताच माझा हात घट्ट धरून बसले. लग्न ठरलं तेव्हा बाबांनी विट्याला कांजिण्यांचं आवर्जून विचारलं होतं. माझ्या होणाऱ्या सासूबाई म्हणाल्या, "आमच्या जयवंताला ल्हानपणीच येऊन गेल्यात." त्या कांजिण्या नव्हत्या, गोवर होता. अंगावर पुरळ उठलं एवढंच त्यांच्या लक्षात राहिलं होतं.

हर्षूला माझ्या लग्नाचं एकच काम होतं, कानपिळीचं. नवरीच्या भावानं नवऱ्याचा कान पिळायचा आणि मागितलेलं मिळाल्याशिवाय सोडायचा नाही. अडचण अशी होती की त्या औषधांनी त्याच्या बोटांतला जोर गेला होता. सदऱ्याची बटणंसुद्धा आईला लावावी लागत. साखरपुड्याच्या दिवशी जयवंतांनी त्याला जवळ बसवून बजावलं होतं, "हे बघ मेव्हण्या, नुसता हात लावलास तर चालायचं न्हाई. कान लाल झाला पाहिजे. तोवर मी काय मांडवातून हलत नसतो."

तेव्हापासून घरातला एकही कान सुरक्षित राहिला नाही. बाबा पेपर वाचत बसले की हा मागून यायचा. आई कणीक मळायला बसली की हा गोळा दाबत बसायचा. परवाच जयवंत कानपिळीचे कपडे द्यायला आले होते, तेव्हा हर्षूनं त्यांचा कान धरून बघितला. जयवंत म्हणाले, "फुलपाखरू बसल्यागत वाटलं. अजून जोर लाव." दोघं किती वेळ ओसरीवर खिदळत होते.

आता बाबा आत आले आणि त्यांनी आईला, मला आणि आण्णांना स्वयंपाकघरात बोलावलं. फोन जयवंतांचा होता. हळद धुऊन काढताना त्यांच्या हाताला कानामागं पाण्यानं भरलेला फोड लागला, छातीवरही दिसले. सासूबाई म्हणत होत्या, उन्हाळ्याचं घामोळं आहे. त्यांच्या घरात कांजिण्या म्हणजे बाया. बाया आल्या की घरात तळण बंद, फोडणी बंद, आणि त्या दिवशी मांडवात आचाऱ्यानं पुऱ्यांसाठी कढई चढवलेली. त्यामुळं ते घामोळंच असायला हवं होतं. जयवंत ओल्या अंगानंच फोनपाशी गेले होते.

"म्हणाले, हळद आत घेऊ नका," बाबा सांगत होते. "आणि म्हणाले, परवा हर्षूनं हाच कान धरला होता."

आई हर्षूच्या खोलीचं दार लागलंय ना ते बघून आली.

बाबांनी मिरजेला फोन लावला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, फोड दिसण्याआधी दोन दिवसही लागण होऊ शकते. लस नाही, पण तयार प्रतिकारशक्तीचं एक इंजेक्शन असतं, ते मुंबईहून मागवते, उद्या सकाळी पोरगं माझ्यासमोर पाहिजे. लवकर दिलं तर उपयोग. उद्या दुपारी माझं लग्न होतं.

शैलाची जीप हळद घेऊन तशीच परत गेली. अंगण रिकामं झालं आणि पुढच्या खोलीत घरची माणसं जमली. आण्णांचा स्वभाव असा की कुणी तरी निर्णय घ्यायला हवा म्हटलं की ते आधीच घेऊन बसलेले असत.

"ह्यात एवढं घाबरण्यासारखं काय न्हाई," ते म्हणाले. "तुम्ही दोघं नवराबायको पोराला घेऊन मिरजेला जावा. कन्यादान मी आणि तुझी वहिनी करतो. नवऱ्याला चार फोड आल्यात, अक्षता लांबनं टाकू. पत्रिका वाटून झाल्यात, कार्यालय ठरलंय. पोरीचं लगीन असं आदल्या दिवशी मोडत न्हाईत."

"आई-बाप नसताना?" आईनं विचारलं.

"मग एकानं जावा, एकानं थांबा."

बाबा एकदा माझ्याकडं बघत आणि एकदा बंद दाराकडं. दार किलकिलं झालं आणि हर्षू बाहेर आला. त्यानं झब्बा काढून ठेवला होता.

"मी एकटा जातो की मिरजेला," तो म्हणाला. "दवाखान्यातला आपला बाक ठाऊक हाय मला. बाबा, तुम्ही थांबा. माझ्यामुळं ताईचं लगीन मोडायला नको."

मी त्याला म्हटलं, गप बस, तुझ्यामुळं काही होत नाही. पण मला स्वतःलाच ते पटल्यासारखं वाटलं नाही, आणि त्यालाही नाही. तो भिंतीला टेकून आपली बोटं मोडत उभा राहिला.

तेव्हा पुन्हा फोन वाजला. आण्णांनी उचलला आणि सगळ्यांना ऐकू जावं म्हणून स्पीकरचं बटण दाबलं. जयवंतांचा आवाज आला.

"आण्णा, उद्याचं लग्न पुढं ढकला."

"आम्ही तोच विचार करतोय बघा. पोराला मिरजेला पाठवतो आणि इकडं—"

"पोराचं न्हाई म्हणत मी. माझं म्हणतोय. आत्ताच तोंड बघितलं आरशात. गालावर फोड, कपाळावर फोड. असल्या तोंडानं मी बोहल्यावर उभा राहणार न्हाई."

"आरं, पण तोंडावर मुंडावळ्या असत्यात की."

"आणि फोटो? फोटो जल्मभर राहत्यात आण्णा. नातवंडं बघणार. फोड सुकून माझं तोंड नीट झाल्याशिवाय मला लग्न करायचं न्हाई."

आण्णांनी रिसीव्हर कानापासून लांब धरून त्याच्याकडं बघितलं. "म्हणजे फोटोसाठी लगीन मोडायचं?"

"मोडायचं न्हाई, पुढं न्यायचं. माझ्या आईला मी सांगितलंय. तुमी लोकांना माझंच नाव सांगा."

फोन ठेवला गेला. तेवढ्यात एक बारीक आवाज आला, हसू दाबल्यासारखा. हर्षू तोंडावर हात धरून हसत होता.

"दाजी फोटोसाठी रुसलं," तो म्हणाला.

आण्णाही हसले, मग संतापले, मग त्यांनी पाहुण्यांना फोन लावायला घेतले. प्रत्येकाला तेच सांगत होते. संध्याकाळपर्यंत अर्ध्या तासगावाला कळलं होतं की नवऱ्या मुलाला तोंडावरच्या फोडांची लाज वाटतेय म्हणून लग्न लांबलं. त्या दिवसापासून आमच्या भावकीत जयवंतांचं नाव फोटोवाला नवरा पडलं ते पडलंच.

मला हसू येत नव्हतं. माझा राग लवकर चढतो आणि उतरायला वेळ लागतो, हे आमच्या घरी सगळ्यांना माहीत आहे. माझ्या भावाच्या जिवाचं काय होणार ते कळत नाही आणि या माणसाला आपल्या थोबाडाची पडली आहे. हळद आत घेऊ नका म्हणून कळवलं, तेवढ्यापुरता तो मला चांगला वाटला होता. आता तेही पुसलं गेलं. मी आईला सांगून टाकलं की मला हे लग्नच करायचं नाही. आई म्हणाली, "आधी उद्या मिरजेला जाऊन येऊ." निदान ती आणि बाबा दोघंही जाणार होते, मीही जाणार होते. ते कुणामुळं जमलं हा विचार मला तेव्हा सुचलाही नाही.

मिरजेला इंजेक्शन दुपारपर्यंत आलं नाही. हर्षू त्याच्या नेहमीच्या बाकावर आईच्या मांडीवर डोकं ठेवून पडला होता. नर्सनं माझा चुडा बघून विचारलं, "लग्न कधी?" मी म्हटलं, "आत्ता." ती काय समजायचं ते समजली असावी, कारण तिनं मला पाणी आणून दिलं.

मुहूर्ताची वेळ झाली तशी मी उठले आणि दवाखान्यासमोरच्या पिवळ्या पीसीओत शिरले. जे बोलायचं ते जाताना मनात जुळवून ठेवलं होतं. फोन शैलानं उचलला आणि त्यांना दिला. त्यांचा आवाज तापानं जड झाला होता.

"इंजेक्शन दिलं का?" त्यांनी पहिलं विचारलं.

"अजून आलं नाही. मी दुसरंच सांगायला फोन केलाय. मला तुमच्याशी लग्न करायचं नाही. माझा भाऊ इथं बाकावर पडलाय आणि ज्याला स्वतःच्या फोटोची काळजी आहे असल्या माणसाशी मला संसार करायचा नाही."

मीटरवर आकडे पळत होते.

"हर्षू जवळ आहे का तुमच्या?" त्यांनी विचारलं.

"नाही. मी रस्त्यापलीकडं आहे."

"मग सांगतो. पण त्याला कधी सांगायचं न्हाई. काल आण्णांच्या डोक्यात काय चाललं असणार ते मला इथं बसून कळत होतं. पोराला मिरजेला धाडायचं आणि इकडं लग्न उरकायचं. म्हणजे तो जन्मभर ऐकणार, ताईच्या लग्नात तू नव्हतास. आणि त्याच्यासाठी म्हणून लग्न थांबवलं असतं, तर दुसरं ऐकलं असतं, तुझ्यामुळं ताईचं लग्न मोडत होतं. तुमचे लोक वाईट न्हाईत, पण बोलत्यात. पोरगं आधीच एवढं सोसतंय, त्यात हे कशाला?"

मी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

"मग मी माझ्यावर घेतलं," ते म्हणाले. "माझं काय जातंय? हसतील चार दिवस. एरवीसुद्धा माझ्या तोंडात फोटो काढण्यासारखं काय आहे सांगा."

मी त्या पीसीओत उभी राहून रडले. मालक आपलं मासिक वाचत असल्याचं दाखवत होता. कालपासून कुणी तरी हे सगळं आपल्या अंगावर घेतलं होतं आणि मला ते आता, चुडा घालून रस्त्यात उभी असताना कळत होतं. इतकं कृतज्ञ मला त्याआधी कधी वाटलं नव्हतं.

"ऐकताय का?" त्यांनी विचारलं. "नको असलं लग्न तर तसं सांगा. माझी तक्रार न्हाई."

"कान नीट सांभाळा," मी म्हटलं. "त्याला मी जोरात पिळायला शिकवणार आहे."

मी परत आले तेव्हा आई दारात उभी राहून मला खुणावत होती. इंजेक्शन आलं होतं.

पुढचे तीन-चार आठवडे मी कधी विसरणार नाही. रोज सकाळी आई हर्षूचा सदरा काढून उजेडात त्याची पाठ बघायची. डास चावलेला दिसला तरी ती बाबांना हाक मारायची. रोज संध्याकाळी विट्याहून फोन यायचा आणि जयवंत एकच विचारायचे, "अंग कसं आहे?" बाबा म्हणायचे, "स्वच्छ." मग हर्षू रिसीव्हर घेऊन त्यांना विचारायचा, "दाजी, तुमचं थोबाड कसं हाय?" ते आपल्या फोडांची कहाणी रंगवून सांगायचे आणि हा पोट धरून हसायचा.

डॉक्टरीणबाईंनी एक दिवस त्याला पुढून-मागून तपासलं आणि म्हणाल्या, "सुटलास." आई त्यांच्या पाया पडायला वाकली, तशा त्या मागं सरकल्या. म्हणाल्या, "ज्यानं वेळेवर फोन केला त्याच्या पाया पडा."

आमचं लग्न तुळशीच्या लग्नानंतर लागलं. तोवर जयवंतांच्या घरातल्या ज्यांना कांजिण्या झाल्या नव्हत्या त्या सगळ्यांनी लस घेतली होती. सासूबाई आधी नको म्हणत होत्या, पण शेवटी स्वतः सगळ्यांना घेऊन गेल्या आणि मला म्हणाल्या, "पुन्हा कंदी घामोळं म्हणायची न्हाई मी." शैला पुन्हा पितळी वाटी घेऊन आली. बाबांनी फाटक सताड उघडं ठेवलं होतं.

कानपिळीला हर्षू तोच झब्बा घालून आला. तो आता आखूड झाला होता. त्यानं जयवंतांचा कान धरला, पाय रोवले आणि पिळला. जयवंतांच्या डोळ्यांतून खरंच पाणी आलं. समोरून फोटोग्राफर ओरडत होता, "नवरदेव, इकडं बघा, इकडं." आण्णा मागून म्हणाले, "आरं बघ की, तुझ्याचसाठी एवढं थांबलोय." सारा मांडव हसला. जयवंत हर्षूच्या बोटांकडं बघत होते.

"बोल, काय पाहिजे?"

"सायकल."

"दिली. सोड आता."

"अजून लाल झाला न्हाई," हर्षू म्हणाला.

त्याची औषधं पुढं संपली. ती थांबून वर्ष होत आलं तेव्हा डॉक्टरीणबाईंनी त्याला बोलावलं. आता कांजिण्यांची लस त्याला स्वतःला घेता येणार होती. मी आणि जयवंत त्याला घेऊन गेलो. त्याच बाकावर डोक्याला रुमाल बांधलेली एक चिमुरडी आईच्या कुशीत बसली होती. हर्षू तिच्याकडं बघत होता.

"हिलाही देणार का आज?" त्यानं नर्सला विचारलं.

"तिला नाही चालत अजून."

त्यानं बाही वर केली. "मग मला नीट द्या," तो म्हणाला.

नर्सनं दंड पुसला. सुई बघितल्यावर इतक्या वर्षांच्या सवयीनं त्याचा मोकळा हात बाजूला गेला आणि शेजारी बसलेल्या जयवंतांचा कान त्यानं धरला. त्या कानामागं फोडाचा बारीक खड्डा राहिला आहे. त्यावर त्याचा अंगठा टेकला. त्यानं कान पिळला नाही, नुसता धरून ठेवला.

"दाजी," तो म्हणाला, "ते फोटोचं खोटं होतं न्हवं?"

जयवंतांनी माझ्याकडं बघितलं. मी नाही म्हणून मान हलवली. मी काहीच सांगितलं नव्हतं.

"कोण म्हणालं तुला?"

"कुणी न्हाई. तुमच्या लग्नाचा अल्बम बघत होतो. एका बी फोटोत तुम्ही कॅमेऱ्याकडं बघितलेलं न्हाई."

जयवंत हर्षूच्या दंडाकडं बघू लागले. मी त्या रुमालवाल्या पोरीकडं बघत राहिले.

"झालं," नर्स म्हणाली आणि तिनं दंडावर कापूस दाबला. "सोड आता त्यांचा कान."

हर्षूनं सोडला नाही.